कॅनन ६००डीवर तालमीचं शूटिंग: फ्लॅट केलं की माती आणि पैलवान एकाच रंगाचे दिसतायत

हौद्यातली_माती

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय. आमच्या गावात (कागल तालुका) एक जुनी तालीम आहे. आता पोरं कमी झालीत, बरीचशी मॅटवर गेली, वस्तादांचंही वय झालं. ते आहेत तोवर पंचवीस-तीस मिनिटांची फिल्म करायची असं मनात घेतलंय. पैसे कुणाचे नाहीत, माझेच. कॅमेरा सेकंडहँड ६००डी, सोबतची १८-५५ लेन्स आणि एक ५० एमएम १.८.

तालमीचं सांगतो कारण सगळा घोळ तिथंच आहे. दगडी भिंती, वर पत्रा, पूर्वेला एकच दार आणि वरती दोन झरोके. पहाटे साडेपाचला पोरं येतात तेव्हा दोन ट्यूबा असतात फक्त, आणि सातनंतर दारातनं ऊन थेट हौद्यात उतरतं. खोऱ्यानं माती उकरताना त्या उन्हाच्या पट्ट्यात जी धूळ उडते ना, ते बघून अंगावर काटा येतो, मला तेच पकडायचंय. पण कॅमेऱ्यात एकतर पट्टा पांढराफटक आणि बाकी अंधारगुडूप, नाहीतर पैलवान दिसतो आणि दार जळून जातं.

मग वाचलं की फ्लॅट (म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचं, फिकं) शूट करा आणि नंतर ग्रेड करा, म्हणजे कॉम्प्युटरवर रंग-उजेड बसवा. नेटवरनं कॅमेऱ्यात टाकायची एक फ्लॅट स्टाइल (कॉन्ट्रास्ट-रंगाचं तयार सेटिंग) उतरवली, कॉन्ट्रास्ट -४, सॅच्युरेशन पण -४, आयएसओ १६००. स्क्रीनवर सगळं करडं करडं दिसलं, म्हटलं झालं काम. रिझॉल्व्हमध्ये (ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर) कॉन्ट्रास्ट आणि रंग ओढला तर पैलवानाची पाठ आणि माती दोन्ही एकच विटकरी रंग! खांद्यावर डाग पडल्यासारखे तुकडे, भिंतीवर मुंग्या चालल्यासारखा नॉइज (दाणे), आणि दारातनं जे आभाळ दिसतं त्याच्यावर पट्टे पट्टे. चार सकाळी गेल्या यात.

सेटिंग चुकतंय का कॅमेराच विकून लॉग (मोठ्या कॅमेऱ्यांतली एकदम फ्लॅट रेकॉर्डिंग) असलेला घेऊ? वस्तादांना परत परत त्रास द्यायचा नाहीये, खरं सांगा.

रिळाची_पेटी

भावा, कॅमेरा विकू नकोस, निदान एवढ्यासाठी तरी नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. फ्लॅट स्टाइल टाकल्यानं सेन्सरला जास्त दिसायला लागत नाही. सेन्सर जेवढं पकडतो तेवढंच पकडतो, स्टाइल फक्त ठरवते की त्यातलं किती फाइलमध्ये जाईल आणि कुठल्या जागी बसेल. पट्टा सेन्सरवरच जळाला असेल तर कॉन्ट्रास्ट -४ असो नाहीतर +४, तो गेलाच.

आता फाइलचं बघ. ६००डी ८ बिटची एच.२६४ फाइल देतो, म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकाला २५६ पायऱ्या. तू एवढं फ्लॅट केलंस की समज अख्खं चित्र ६० ते १९० मध्ये येऊन बसलं, म्हणजे वापरल्यास १३० पायऱ्या, आणि रिझॉल्व्हमध्ये त्याच १३० ताणून २५६ वर नेल्यास. मधल्या पायऱ्या येणार कुठनं? आभाळावरचे पट्टे म्हणजे त्याच रिकाम्या जागा. वर फाइलमध्ये रंग साठतो ४:२:० मध्ये, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकाच पिक्सेलची. त्यात तू सॅच्युरेशन -४ करून रंग आधीच पातळ केलास, कॉम्प्रेशननं उरलासुरला खाल्ला, मग तो वर ओढला. ताकात पाणी घालून घालून परत त्याचं दही लावायला बसण्यासारखं झालं हे. मोठ्या कॅमेऱ्यांच्या १० बिट फाइलमध्ये १०२४ पायऱ्या असतात, तिथं हे ताणणं खपतं, आपल्याकडं नाही.

म्हणून ८ बिटवाल्यानं शक्य तितकं फ्लॅट करायच्या नादाला लागूच नये, आपल्याला पाहिजे तेवढंच करावं. न्यूट्रल स्टाइल घे. शार्पनेस ० (कॅननमध्ये शून्य म्हणजे सगळ्यात खाली, मायनस नसतो), कॉन्ट्रास्ट -३ किंवा फार तर -४, सॅच्युरेशन -१, -२ च्या खाली जाऊच नको, टोन ०. ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बंद, हायलाइट टोन प्रायॉरिटी बंद. हे दोन चालू राहिले की कॅमेरा स्वतःच्या मनानं अंधार उचलत बसतो आणि तुझे दोन शॉट एकमेकांशी जुळत नाहीत.

ती सिनेस्टाइल म्हणून जी फुकटची फ्लॅट स्टाइल आहे ती टेक्निकलरनं २०११ मध्ये कॅनन ईओएससाठी काढली होती, चांगली आहे, मी स्वतः वापरलीय, पण तिच्याबरोबर १६० च्या पटीतला आयएसओ वापरा असं सांगितलेलं असतं, १६०, ३२०, ६४० असे. तुझ्या ६००डीच्या मेनूत १००, २००, ४०० असे पूर्ण स्टॉपच मिळतात, मधले मिळवायला मॅजिक लँटर्न (कॅमेऱ्यात जादा सोयी आणणारं बाहेरचं सॉफ्टवेअर, कॅननचं नाही) टाकावं लागतं. १६० ची भानगड काय तर कॅमेरा आतून २०० नंच घेतो आणि जरासं खाली ओढतो, त्यामुळं नॉइज कमी दिसतो. पण १६०० वर फ्लॅट स्टाइल म्हणजे अंधारातला सगळा नॉइज हातानं उचलून वर आणणं, तुझ्या भिंतीवरच्या मुंग्या त्याच.

आणखी एक बघ, मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल आहे ना? सेकंडहँड कॅमेरे बऱ्याचदा एनटीएससीवर असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे ट्यूब लुकलुकणार नाही. ३० फ्रेम आणि १/६० वर तालमीतल्या ट्यूबा श्वास घेतल्यासारख्या कमी-जास्त होतात आणि ते नंतर काढणं फार अवघड.

सांगली_शटर

वरच्या दादांशी सहमत. माझा अनुभव सांगतो. एका हळदीला मी सगळं शूट एकदम फ्लॅटमध्ये केलं होतं, आयएसओ ३२००, मांडवात पिवळ्या एलईडी माळा. घरी येऊन रंग ओढला तर नवरीच्या गालावरची हळद म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवल्यासारखी. हळदीच्या खाली कातडीचा रंगच उरला नव्हता फाइलमध्ये. तीन रात्री बसलो, शेवटी तो भाग जवळजवळ कृष्णधवल करून दिला. नवरीच्या आईनं विचारलं, अहो हळदीचा रंग कुठाय. त्याला मी काय उत्तर देणार होतो. तेव्हापासून ज्या कामात रंग हाच विषय आहे तिथं मी सॅच्युरेशनला हात लावत नाही, फक्त कॉन्ट्रास्ट खाली घेतो.

तुझ्या फिल्ममध्ये पण लाल माती हाच विषय आहे राव. तिचा रंग कॅमेऱ्यातच नीट येऊ दे.

हौद्यातली_माती

खूप खूप आभार दोघांचे. सिस्टिम खरंच एनटीएससीवर होती, आत्ताच बदलली, हे मला आयुष्यात कळलं नसतं.

दोन शंका. एक, व्हाइट बॅलन्स. ऑटोवर ठेवतोय, पैलवान दाराकडनं हौद्याच्या मधे आला की रंग बदलतो. केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) टाका म्हणतात पण माझ्या कॅमेऱ्यात केल्विन कुठं दिसतच नाही. दोन, वर पत्रा आहे त्याच्या पन्हाळ्यांवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात, ते पण फ्लॅटमुळं का?

एडिट_टेबल

मी शूट करत नाही, एडिट आणि ग्रेडिंगच करते, त्यामुळे टेबलावर जे येतं त्या बाजूने सांगते.

६००डीला केल्विन नाहीच आहे, शोधू नकोस. कस्टम व्हाइट बॅलन्स आहे. पांढरा कागद हौद्यात, जिथे पैलवान उभा राहणार तिथेच धर, फोटो काढ आणि मेनूतून तो फोटो निवड. ट्यूबच्या उजेडासाठी एक, सात वाजताच्या उन्हासाठी दुसरा. एवढंही जमत नसेल तर उन्हाचं चिन्ह निवड आणि तिथेच सोड, पण ऑटो नको. सगळी फ्रेम लाल मातीने भरली की ऑटोला वाटतं उजेडच लाल आहे आणि तो निळा ओततो, मग माती मळकट आणि माणूस आजारी दिसतो. तो बदल शॉटच्या मध्येच होतो म्हणून ग्रेडमध्ये पकडता येत नाही, प्रत्येक फ्रेमला वेगळं औषध लागतं.

पत्र्याच्या लाटा फ्लॅटमुळे नाहीत. हा कॅमेरा व्हिडिओसाठी सेन्सरच्या ओळी गाळत वाचतो, बारीक समांतर रेघा आल्या की अशा रंगीत लाटा येतात, त्याला मोआरे म्हणतात. पत्रा फ्रेममध्ये कमी घे किंवा जरासा आउट ऑफ फोकस ठेव. ६००डीमध्ये मूव्हीसाठी डिजिटल झूम म्हणून पर्याय आहे, त्यातला ३ एक्स घे, तो सेन्सरच्या मधल्या भागातून सरळ घेतो त्यामुळे लाटा जातात, फक्त १८ एमएम सुद्धा टेलिफोटोसारखी दिसायला लागते. हातांची पकड, कान, लंगोटाची गाठ, असल्या जवळच्या शॉट्सना वापरून बघ, छान दिसतं.

आता माती आणि पाठ एकाच रंगाची का दिसते. सेटिंगचा भाग वरती सांगितलाच आहे सगळ्यांनी, पण मला वाटतं अर्धी गोष्ट तिथे खरोखर घडतेय. ऊन मातीवर पडतं आणि तिथून लाल होऊन वर उसळतं, ते पैलवानाच्या पोटावर, हनुवटीखाली, मांड्यांवर येतं. शिवाय ते एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. म्हणजे त्यांचं अंग त्या क्षणी लालच असतं! डोळा आपोआप वजाबाकी करतो, कॅमेरा करत नाही. यावर रिझॉल्व्हमध्ये झगडण्यापेक्षा पाच बाय तीनचा पांढरा थर्माकोल आण आणि दाराच्या समोरच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, कुणाला तरी धरायला सांग. ऊन त्यावर आपटून पांढरं होऊन अंधाऱ्या बाजूला येईल. एकाच वेळी दोन कामं होतात, कातडीला तिचा रंग मिळतो आणि अंधार-उजेडातला फरक कमी होतो, मग तुला एवढं फ्लॅट करायची गरजच उरत नाही. उन्हाचा पट्टा आणि कोपरा यांच्यातला फरक हा कॅमेरा कुठल्याच सेटिंगला पूर्ण पकडणार नाही, तो फरक जागेवरच कमी करायचा. झरोक्यातून जास्त ऊन येत असेल तर बाहेरून ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं धोतर लाव.

एक्सपोजरसाठी: ६००डीला झेब्रा, म्हणजे जळणाऱ्या भागावर पट्टे दाखवणारी सोय, नाही (मॅजिक लँटर्नने येतो, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर). त्याच सेटिंगने एक फोटो काढ, प्लेबॅकमध्ये आरजीबी हिस्टोग्राम (उजेड-रंगाचा आलेख, उजवी कड म्हणजे जळलेलं) बघ. एकूण ब्राइटनेसचा नको, तीन रंगांचा. लाल मातीवर लाल चॅनल सगळ्यात आधी उजव्या भिंतीला जाऊन चिकटतो आणि ब्राइटनेसचा आलेख मात्र सगळं ठीक आहे म्हणून सांगत असतो. लाल चिकटला की मातीचे ढेकळं, बोटांचे ठसे, सगळा पोत जातो, नुसता लाल पत्रा उरतो. लाल भिंतीपासून थोडा अलीकडे राहील इतकंच एक्सपोजर ठेव. दारातलं आभाळ जळलं तर जळू दे, तुझी फिल्म आभाळावर नाहीये.

रिझॉल्व्हमध्ये पहिल्या नोडला (ग्रेडची एक पायरी) फक्त उजेड आणि बॅलन्स. वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) उघडा ठेव, पाठीवरचा उजेड मध्याच्या थोडा वर बसव. दुसऱ्या नोडला एस कर्व्ह (कॉन्ट्रास्ट वाढवणारी वक्ररेषा), पण हलका, एका दमात ओढू नकोस. व्हेक्टरस्कोपमध्ये (रंगांचा गोल आलेख) स्किन टोनची रेघ लाव, सावळा असो गोरा असो, कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो, माणसामाणसात फरक असतो तो गडदपणाचा. माती त्या रेघेपासून लालकडे सरकलेली दिसेल. मग ह्यू व्हर्सेस ह्यूमध्ये (एकच रंग बदलायची कर्व्ह) मातीचा बिंदू अगदी किंचित अजून लालकडे ने, आणि पैलवानाभोवती पॉवर विंडो (ठरावीक भागापुरतं काम करणारा आकार) काढून ट्रॅक करून आतला लाल जरा उतरव. क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडणारं साधन) कातडी निवडायला जाऊ नकोस, ४:२:० मध्ये कडा फाटतात, ते जे खांद्यावरचे तुकडे म्हणतोस त्यातले काही त्याचेच असणार. आणि फुकटच्या रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन मिळत नाही, ते विकतच्या रिझॉल्व्ह स्टुडिओत आहे, म्हणून नॉइज मुळात शूटलाच कमी यायला हवा. ट्यूबच्या उजेडात ५० एमएम लाव, अॅपर्चर २ किंवा २.८ वर उघड आणि आयएसओ ८०० च्या वर जाऊ नकोस, अंधार काळाच राहू दे. पहाटेची तालीम अंधारीच असते ना? मग ती अंधारी दिसली तर काय बिघडलं?

मांडवीकाठी

कॅमेरा बदलायचा प्रश्न राहिला म्हणून पणजीहून लिहितेय. माझ्याकडे सोनीचा झेडव्ही-ई१० आहे, शिगमोची मिरवणूक शूट करते. त्यात एस-लॉग२, एस-लॉग३ दोन्ही आहेत पण आतली रेकॉर्डिंग ८ बिटच. पहिल्या वर्षी एस-लॉग३ वर केलं आणि रात्रीच्या रोमटामेळात (ढोल-ताशांवर नाचत निघणारा मेळ) गुलाल, ढोल, माणसं सगळ्यांचा चिखल झाला, तू सांगतोस तसाच. आता त्यातलंच कमी फ्लॅट सेटिंग सिने४ वापरते, भर उन्हात एचएलजी म्हणून दुसरं, आणि सुखी आहे. निकॉनवाल्यांकडे २०१४ च्या डी८१० पासून फ्लॅट म्हणून पिक्चर कंट्रोल (आपल्या स्टाइलसारखंच) आलं, पॅनासॉनिकवाल्यांकडे सिनेलाइक डी आहे, ही दोन्ही बेताची फ्लॅट आहेत आणि ८ बिटला झेपतात. म्हणजे लॉग नाव बघून पैसे घालू नको, घ्यायचाच असेल कधी तर आतल्या आत १० बिट रेकॉर्ड करणारा घे, नाहीतर थर्माकोल स्वस्त पडतो.

सांगली_शटर

आणि मॅजिक लँटर्नचं रॉ व्हिडिओ (सेन्सरचा कच्चा डेटा) कुणी सुचवलं तर ६००डीवर त्याच्या मागे लागू नको. याचं कार्डावर लिहिणं सेकंदाला २० एमबीच्या आसपास अडतं, पूर्ण एचडी रॉ सलग बसतच नाही. झेब्रा आणि मधले आयएसओ एवढ्यासाठी ठीक. आणि ४ जीबीला क्लिप तुटते, साधारण १२ मिनिटांत, तर वस्तादांची मुलाखत घेताना घड्याळावर लक्ष ठेव, ते रंगात आले की नेमकी तेव्हाच बंद पडेल.

हौद्यातली_माती

मंडळी, आज सकाळी जाऊन आलो. थर्माकोल मिळाला नाही, गणपतीच्या मखराचा जुना तुकडा होता घरी, तो धाकट्या भावाच्या हातात दिला. न्यूट्रल, ०, -३, -१. कागदावर कस्टम बॅलन्स. ऊन आल्यावर आयएसओ १००, शटर १/५०, लेन्सचं अॅपर्चर ८ वर, लाल चॅनल भिंतीच्या अलीकडं.

एक शॉट सांगतो. एक पोरगा बैठका मारून हौद्याच्या कडेला टेकला, ऊन डाव्या खांद्यावर, उजव्या बाजूला थर्माकोलचा उजेड. पाठीवर घामाचे ओघळ आणि त्यात माती चिकटून झालेल्या रेघा. ग्रेड करायच्या आधीच पाठ वेगळी, माती वेगळी, घाम वेगळा! कर्व्ह जरासा दिला आणि सोडून दिलं. दारातलं आभाळ जळलंय, पण खरंच कुणाचं लक्ष जात नाही तिकडं. धूळ पण आली, पट्ट्यात एक एक कण दिसतोय.

ट्यूबच्या उजेडातलं अजून नीट नाही. ८०० वर अंधार बराच आहे, पण मुंग्या गेल्या आणि ट्यूब लुकलुकत नाही. एडिटताई म्हणतात तसं अंधार राहू देतो.

वस्तादांना लॅपटॉपवर दाखवलं. ते बराच वेळ मातीकडंच बघत होते, म्हणाले माती सुकलीय, येत्या सोमवारी ताक, लिंबू, तेल, हळद घालून मळायचीय, तेव्हा ये. तर आता प्रश्न हा की ओली माती गडद पण होणार आणि तेलानं चमकणार पण, तर एक्सपोजर कशावर धरू?

रिळाची_पेटी

पाठीवर धर. माती गडद होईल ती होऊ दे, ताजी मळलेली माती गडदच असते. उन्हात चमकणारे ठिपके जळाले तर चिंता नाही, पण चमक चादरीसारखी पसरून मातीचा रंगच खाऊ लागली तर पोलरायझर (चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) लाव, १८-५५ ला ५८ एमएमचा बसतो. स्टॉप-दीड स्टॉप उजेड जाईल, त्या उन्हात परवडतं. फोकस केल्यावर परत बघ कारण त्या लेन्सचं पुढचं तोंड फोकसबरोबर फिरतं आणि पोलरायझर पण फिरतो. आणि फिरवताना मातीकडं नाही, पोराच्या पाठीकडं बघत फिरव, घामाची चमक जायला लागली की तिथंच थांब.